कानाच्या काठचा थेंब

मुजावर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत काचपट्ट्या धुऊन उन्हात ठेवत होतो. साधा मंगळवार होता.

फोन किणीकरचा. बातमी सांगून झाल्यावर तो म्हणाला, “चिंधी आठवते?”

आठवते.

तेव्हा आम्ही दोघं पशुवैद्यक महाविद्यालयात सरांच्या हाताखाली शिकत होतो. चिंधी ही पिसे नावाच्या शिंप्यांची मांजरी. त्यांच्या मशीनखाली झोपायची. चार घासही खाईना, उठेना, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. पिसे तिला टोपलीत घालून सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसले होते.

किणीकर सुवर्णपदकवाला. त्यानं कंपाउंडरकडून रक्त काढून आणवलं, बाटलीत ठेवलं, दुपारी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मग खुर्चीतूनच, खिडकीतून पिसेंना सांगितलं की रक्तात जंतू नाही, रक्त तयार होणंच थांबलंय, घरी न्या.

पिसे टोपलीतल्या फडक्याची घडी करत राहिले.

तेवढ्यात हे ऐकत सर आत आले.

“मग मरतेय कशानं?”

“जंतू तर नाहीच सर. पुन्हा पुन्हा पाहिलं.”

“रक्त कधीचं?”

“सकाळचं.”

“हं…”

सर सुई आणि कोरी काचपट्टी घेऊन बाहेर गेले. टोपलीपाशी उकिडवे बसले. चिंधीशी काहीतरी पुटपुटले. तिच्या कानाच्या काठाला हळूच टोचून आलेला थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंगवला आणि काच किणीकरपुढे ठेवली.

तांबड्या पेशींच्या कडांवर जांभळे ठिपके. बारीक मण्यांसारखे.

“सकाळच्या रक्तात नव्हते हे.”

“होते. रक्त बाटलीत पडून राहिलं की हे जंतू पेशीला सोडून देतात. मग सुवर्णपदकालाही दिसत नाहीत.”

किणीकरनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

सरांनी खिडकीतून हाक मारली. “पिसेमामा, घरी न्या तिला. पण पुरायला नाही. गोळ्या देतो. या जंतूला त्या लागू पडतात.”

पिसेंनी घडी घातलेलं फडकं डोळ्यांना लावलं.

किणीकर खुर्चीतूनच औषध लिहायला लागला. चेहरा पुन्हा खुलला होता. “सापडलं सर. आता काय राहिलं?”

सर त्याच्याकडे बघत राहिले… मग हात लांब करून त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

“मांजर पाहायचं राहिलंय.”