दहावं कारण

"मग माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा ना अण्णा."

शेजवळ अण्णा बशीत चहा ओतत होते. ओतत राहिले.

"मी फक्त फॉर्म भरला. त्यात नोकरी सोडण्याची नऊ कारणं दिलेली आहेत. एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही."

"बरं."

"बरं काय? मी त्यातलं सगळ्यात सभ्य कारण निवडलं. त्या लोकांच्या भल्यासाठीच ना?"

अण्णांनी बशी तोंडाला लावली.

सौमित्र लोहोकरे पुण्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजातून उन्हाळ्याच्या इंटर्नशिपला आला होता. आठ आठवडे, नाशिकजवळचा एक कारखाना, एचआर विभाग. पोरगा हुशार होता. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलं होतं. त्याला ज्यांच्या हाताखाली ठेवलं ते अण्णा या विभागात एकतीस वर्षं होते, आणि अजूनही त्याला 'कामगार खातं'च म्हणायचे. आता दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते.

महिन्यापूर्वी रंगकामाची लाइन बंद झाली आणि एक्केचाळीस माणसं घरी गेली. जाणाऱ्या प्रत्येकाची एक शेवटची मुलाखत घ्यायची असते. अण्णांना एकेका माणसाला तास लागायचा. सौमित्रने ते काम सात मिनिटांवर आणलं. त्याचा रंगीत तक्ता करून मुख्य कार्यालयाला पाठवला. तिकडून शाबासकी आली, पुढच्या वर्षी नोकरीचं बघू असंही कोणी म्हणालं.

"तुमच्या तासातली पंचेचाळीस मिनिटं माणूस नुसता गप्प बसलेला असतो," त्याने अण्णांनाच समजावून सांगितलं होतं. "तो वेळ वाया जातो."

अण्णांनी तेव्हाही "बरं" म्हटलं होतं.

आज त्याचा शेवटचा दिवस. चारला पुण्याची बस. प्रमाणपत्रावर अण्णांची सही तेवढी राहिलेली.

आणि सकाळी दहाला मुरलीधर गांगुर्डे आला.

बावीस वर्षं रंगकामावर काढलेला माणूस. हातात कंपनीचं पत्र, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. खुर्ची दाखवली तरी बसला नाही.

"साहेब, एक विचारायचं होतं. माझं वैयक्तिक कारण काय होतं?"

सौमित्रला काही कळेना.

"ह्यात लिहिलंय. वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडली. पोरीनं वाचून दाखवलं घरात. मी तर सांगितलं होतं, लाइन बंद पडली, सगळ्यांनाच काढलं. बायको म्हणते, मग हे काय?"

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी रंगाच्या वासाने गांगुर्डेला खोकला धरला. एका संध्याकाळी तो वैतागून घरी म्हणाला, देतो सोडून ही नोकरी. पोरगी बारावीला. बायकोने त्याचा हात धरून पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, आपणहून सोडणार नाही म्हणून. आता कागद सांगत होता की याने पोरीची शपथ मोडली, आणि वर कंपनीवर ढकलून खोटं बोलला. पंधरा दिवस घरात कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. ताट वाढलं जायचं, तेही पुढ्यात सरकवून.

"कागदापुढं माझं कोण ऐकतंय साहेब?"

सौमित्र म्हणाला, "सिस्टीममध्ये आता बदलता येत नाही. लॉक झालंय."

गांगुर्डेने समजल्यासारखी मान हलवली. पत्र टेबलावर ठेवलं.

"मग हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," म्हणाला, आणि गेला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून सौमित्रचं कशात लक्ष लागत नव्हतं, आणि लक्ष लागत नाही याचा त्याला रागही येत होता. म्हणून तर तो दुपारी ते पत्र घेऊन अण्णांसमोर येऊन बसला होता.

अण्णांनी बशी खाली ठेवली.

"त्या सात मिनिटांत काय बोलला होता रे गांगुर्डे?"

"लक्षात नाही. फॉर्ममध्ये असेल."

"चेहरा?"

"म्हणजे?"

"सकाळी आला तेव्हा ओळखलास?"

"नाव विचारलं मी त्याला."

"हं."

"मी स्क्रीनकडे बघत होतो अण्णा. टाइप करायचं असतं."

"असतं खरं."

बराच वेळ कोणी बोललं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अण्णांना घाई नव्हती. सौमित्रने दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते अण्णांना दिसू नयेत म्हणून तो खिडकीकडे पाहत होता.

"त्या यादीत दहावं कारण पाहिजे होतं," शेवटी तो म्हणाला. "कंपनीने काढलं, असं. बनवणारे विसरले. मी तशी सूचना लिहून पाठवतो."

"नऊ कारणं कोणीतरी बसून लिहिली असतील," अण्णा म्हणाले. "लग्नसुद्धा आठवलं त्यांना, उच्च शिक्षण आठवलं. आणि हेच तेवढं विसरले?"

सौमित्रचा चेहरा उतरला. आठ आठवड्यांत हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

"म्हणजे... मुद्दाम?"

"आपणहून गेलेल्या माणसाबद्दल कंपनीला कोणी जाब विचारत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

अण्णांनी टेबलावरचं पत्र उचललं, उलगडलं आणि त्याच्यासमोर धरलं. खाली सही होती. निळ्या शाईची, वळणदार.

बा. रा. शेजवळ.

"न वाचता केलीत?" सौमित्रने विचारलं. त्याला हवं असलेलं उत्तर त्या प्रश्नातच होतं.

"वाचून केली."

"एक्केचाळीस?"

"एक्केचाळीस."

"का?"

अण्णांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्यांचा चहा निवून गेला होता, तोच त्यांनी पिऊन टाकला. सौमित्रला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. मग लक्षात आलं, मुलाखत घेणारा म्हणून त्याच कागदावर आपलंही नाव छापलेलं आहे.

अण्णांनी पत्र खिशात घातलं आणि उठले.

"चल."

"कुठं? प्रमाणपत्रावर सही राहिलीय. चारची बस आहे."

"मग बस."

तो बसला नाही. प्रमाणपत्र टेबलावर तसंच राहिलं.

अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून सौमित्रने विचारलं, "मुख्य कार्यालयाला कळलं तर?"

"कळेल."

"मला घेणार नाहीत मग."

"नाही घेणार."

"आणि तुमचं काय?"

स्कूटर खड्ड्यातून गेली... अण्णांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

"पण तिथं जाऊन बोलायचं काय? मला काही सुचत नाही."

"मलाही नाही."

कामगार वसाहतीतली शेवटची चाळ. दार एका बाईने उघडलं. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. आत गांगुर्डे भिंतीला टेकून बसला होता. या दोघांना पाहून तो धडपडत उभा राहिला. पोरगी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती, तिने मान वर केली नाही.

"कोण पाहिजे?" बाईने विचारलं.

सौमित्रने तोंड उघडलं. एक्केचाळीस माणसांशी सात-सात मिनिटं बोललेला मुलगा, पण एक शब्द फुटेना.

अण्णांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. खिशातलं पत्र काढून दोन्ही हातांनी पुढे केलं.

"ताई, यात वैयक्तिक कारण म्हणून लिहिलंय ना," ते म्हणाले, "ते आम्ही दोघं."