राजाचे ताट आणि हाळीबाईचा प्रश्न

डोंगरांना अजून नावे पडायची होती, त्या काळातली ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही नीट ऐका. तुमच्यामागे झोपेचे सोंग घेऊन पडलेल्या मोठ्या माणसांनाही ऐकू द्या.

एका डोंगराळ राज्यात एक प्रथा होती. दर अमावास्येला सकाळी राजवाड्यासमोरच्या कातळावर एक बाई चढायची आणि राजाला एकच प्रश्न विचारायची. प्रश्न रयतेचा, आवाज तिचा. खरे उत्तर दिल्याशिवाय राजाने पहिला घास घ्यायचा नाही, असा नियम होता. तो कोणी घातला हे कोणालाच आठवत नव्हते. पण कोणा हुशार राणीनेच घातला असणार. राजे कशाने वठणीवर येतात हे तिला ठाऊक असावे.

डोंगरात लांबवर हाक मारण्याला हाळी देणे म्हणतात, म्हणून त्या बाईला सगळे हाळीबाई म्हणत. महिनाभर ती गावोगाव हिंडायची, लोकांचे ऐकायची आणि त्यातला एक प्रश्न निवडायची. एकदा तिने विचारले होते, "महाराज, नव्या पुलात चुना कमी का?" राजाने रागाने पाण्याचा तांब्या भिंतीवर आपटला. पण आधी उत्तर दिले, मगच तो जेवला, आणि पुढे पूलही पुन्हा बांधला.

हाळीबाईचे पोट रयत भरत असे. सुगीला प्रत्येक घरातून सूपभर धान्य येई. झऱ्याची वाडी मात्र इतकी गरीब, की तिथे धान्य उरतच नसे. म्हणून वाडीतली एक म्हातारी दर अमावास्येआधी झऱ्याच्या पाण्याची घागर घेऊन डोंगर उतरायची.

"आमच्याकडे एवढंच आहे गं बाई. पण गळा साफ राहील."

"आजी, धान्य कोणीही देईल. हा गळा तुमच्या पाण्यावर चालतो," हाळीबाई म्हणायची, आणि ते खरेच होते.

पुढे राजाला नवा सभामंडप बांधायची हौस आली. लाकडाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने खांब पुरवायचे कबूल केले. त्याबदल्यात राजाने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक सगळ्यांना दिसली, दुसरी दिसली नाही. दिसली ती म्हणजे राजवाड्यासमोरचा कातळ.

व्यापारी शहाणा होता. त्याने कातळ फोडला नाही की बाईला हाकलले नाही. वर सावलीसाठी रेशमी छत घातले आणि हत्तीच्या सोंडेएवढा पितळी कर्णा बसवला.

"बाई, यातून बोललात की आवाज सात डोंगर ओलांडून जाईल," तो हात जोडून म्हणाला. "घर देतो, वर्षाचं धान्य देतो. दारोदार सूप घेऊन जायची गरज नाही."

"आणि विचारायचं काय, ते कोण ठरवणार?"

"तुम्हीच की! मी लाकूडवाला माणूस. मला प्रश्नातलं काय कळतं?"

हाळीबाईचा गळा त्या वर्षी फार बसत चालला होता. तिला व्यापाऱ्याचे बोलणे मनापासून बरे वाटले. तीन अमावास्या कर्ण्यातून तिने चांगले, खणखणीत प्रश्न विचारले. कोणी अडवले नाही.

चौथ्या महिन्यात म्हातारी आली ती अर्धीच घागर घेऊन. पाणी गढूळ होते.

"बाई, वाडीवरची देवराई तोडतायत. आज्या-पणज्यांनी जिथली काटकी उचलली नाही, तिथं करवती चालल्यात. झाडं गेली की झरा जाईल. एवढं विचारा ना राजाला."

राजाने व्यापाऱ्याला दिलेली दुसरी गोष्ट कोणती, हे हाळीबाईला आता कळले.

ती व्यापाऱ्याकडे गेली. तो चिडला नाही, उलट मान डोलावली. "प्रश्न उत्तम आहे. जरूर विचारा. फक्त या महिन्यात नको. खांब उभे राहू देत. आणि लोकांनाही कधीतरी हसू द्या की, बाई! सारखं काय ते रडगाणं?"

घर त्याचे, कर्णा त्याचा. हाळीबाईने स्वतःला समजावले, एका महिन्याने काय होते! अमावास्येला तिने विचारले, "महाराज, आज लाडू रव्याचे की बेसनाचे?"

राजा पोट धरून हसला. "दोन्ही!" म्हणाला आणि जेवायला बसला. सात डोंगरांवर लोक हसले. झऱ्याच्या वाडीत कोणी हसले नाही.

पुढच्या महिन्यात तिने राजाच्या मोराबद्दल विचारले. तिच्या तोंडावर कोणी हात ठेवला नव्हता. तोंड तिचे तिनेच मिटले होते, आणि दर वेळी त्याला एक गोड नाव दिले होते. कधी धीर, कधी व्यवहार.

त्याच्या पुढच्या महिन्यात म्हातारी रिकाम्या हाताने आली.

"पाणी नाही आणलं, बाई. झऱ्यात बोटभर धार उरलीय. असंच चाललं तर वाडी उठवावी लागेल." जाता जाता ती म्हणाली, "तुमचा आवाज मात्र आता वाडीपर्यंत अगदी छान येतो हो. लाडवाचं ऐकलं आम्ही."

म्हातारी निघून गेली. हाळीबाई तशीच उठून व्यापाऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "या अमावास्येला मी देवराईचं विचारणार."

"विचारा," तो शांतपणे म्हणाला. "पण कातळ माझा आहे. तुम्ही दमलात, बाई. आता आराम करा."

अमावास्येला कातळावर एक तरुण गायिका उभी होती. आवाज मधाळ. कर्ण्यातून ती म्हणाली, "महाराज, आपल्याला पहाटेचं गाणं आवडतं की सांजेचं?"

राजा खूश झाला. तो उत्तर देणार, तेवढ्यात राजवाड्यामागच्या ओढ्याकाठून एक घोगरी हाक आली.

"महाराज! देवराईवर कुऱ्हाड कोणाच्या हुकमानं पडली?"

ओढ्यात हाळीबाई उभी होती, गुडघाभर पाण्यात. शेजारी वाडीची म्हातारी होती. दुसऱ्यांदा हाळी देताना बाईचा आवाज फाटला. तेव्हा तोच प्रश्न म्हातारीने उचलला. मग पलीकडच्या शेतातल्या गुराख्याने, मग टेकडीवरच्या कुंभारणीने. डोंगरामागून डोंगर प्रश्न पुढे गेला. सातव्या डोंगरावर पोचला तेव्हा तो ज्याने त्याने आपल्या आवाजात विचारलेला होता. त्याला कर्णा लागला नाही.

राजा म्हणाला, "कातळावरून येतो तोच प्रश्न. ओढ्यातला प्रश्न मी मोजत नाही. ताट वाढा."

ताट आले नाही.

आचारी आला. वीस वर्षे राजाचा स्वयंपाक करणारा, गोल गरगरीत माणूस. हातात पळी होती. "महाराज, भात तयार आहे, आमटी तयार आहे. फक्त उत्तर बाकी आहे."

"अरे, कातळावरून नाही आला तो!"

"माझ्या स्वयंपाकघराला मागं खिडकी आहे, महाराज. मला लख्ख ऐकू आला. आणि नियमात कातळाचं नाव कुठंय? घासाचं आहे."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल की," आचारी म्हणाला. "पण गेल्या दोन अमावास्यांना मी मान खाली घालून वाढलं. आज नाही जमायचं."

राजाने वाढप्यांकडे पाहिले. त्यांनी वाट्या पालथ्या घातल्या.

ऊन डोक्यावर आले. व्यापाऱ्याला बातमी लागली, तसे त्याने आपल्या घरून चांदीच्या तबकात बर्फी पाठवली. राजाने एक वडी उचलली आणि सहज खिडकीबाहेर पाहिले. ओढ्याकाठी माणसेच माणसे बसली होती. कोणी घोषणा देत नव्हते, दगड मारत नव्हते. दूर डोंगरांवर एकाही घरातून धूर निघत नव्हता. राजाने उत्तर दिले नाही, म्हणून त्या दिवशी रयतेत कोणी चूल पेटवलीच नव्हती.

राजाने वडी तबकात परत ठेवली. बाहेर पायरीवर आला.

"माझ्या," तो शेवटी म्हणाला. "माझ्या हुकमानं."

एवढेच उत्तर. पण पुढच्या अमावास्येचा प्रश्न 'असा हुकूम का दिला?' हाच असणार, हे राजाला तिथेच कळले. त्याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. म्हणून त्याच दुपारी त्याने देवराईतल्या करवती थांबवल्या. निम्मी झाडे गेली होती, ती काही परत आली नाहीत. पण निम्मी राहिली. झरा बारीक झाला, तरी वाहता राहिला, आणि वाडी उठली नाही.

हाळीबाईचे घर गेले. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेली आणि आचाऱ्यापुढे वाकली.

"दादा, हे उपकार मी कसे फेडू?"

आचारी गडबडून मागे सरला. "अहो, काय करताय! वीस वर्षं तुम्ही ओरडलात, म्हणून मला ऐकायची सवय लागली. पाया पडायचंच तर त्या डोंगरांवरच्या बायकांच्या पडा. त्यांनी पोरांना उपाशी ठेवलं आज."

कातळ व्यापाऱ्याकडेच राहिला. कर्णा अजून चमकतो, वर गोड गोड विचारपूस चालते, राजालाही ती आवडते. पण ताट वाढले जाते ते ओढ्याकाठच्या प्रश्नानंतरच. हाळीबाई पुन्हा दारोदार सूप घेऊन फिरू लागली. प्रत्येक दारात ती आधी हात जोडते, मग विचारते, "बोला, या महिन्यात काय विचारू?"

तात्पर्य: ज्याच्या कातळावर उभे राहून त्याच्याबद्दल विचारता येत नाही, तो कातळ सोडावा, आणि आपला प्रश्न स्वतःच्या गळ्याने पुढे नेणाऱ्या माणसांचे ऋण कधी विसरू नये.