खालचा बोल्ट, वरचा बोल्ट

"मन रिकामं कसं करायचं, महाराज?"

श्रीरंगचा हा सकाळपासूनचा चौथा प्रश्न. प्रश्न चार, अर्थ एकच.

बायको वारून चौदा महिने झाले होते. बारा वर्षांची लेक केतकी सांगलीला तिच्या मामाकडे ठेवलेली. आता घाटाखालच्या या मठातच कायमचं राहायचं, मागचं सगळं सोडायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. महाराजांनी तेवढं 'हो' म्हणायचं बाकी होतं.

महाराज हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. ते अंगणातल्या गाडीकडे बघत होते. गाडी जुनी, ऑटोमॅटिक. महाराजांच्या डाव्या गुडघ्याला क्लच सोसत नाही, म्हणून एका भक्ताने दिलेली.

"गिअर पडताना धक्का देते हल्ली," महाराज म्हणाले. "गिअरबॉक्सचं तेल बदलायचंय. जमेल?"

जमेल म्हणजे काय! श्रीरंग शिकलेला इंजिनिअर. असल्या प्रश्नाचा त्याला जरा रागच आला.

"त्यात काय, महाराज? जुनं काढायचं, नवं ओतायचं."

गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होतीच. बाह्या सारून स्वारी खाली शिरली. खालचा बोल्ट झटक्यात निघाला. एके काळचं लाल तेल काळंकुट्ट होऊन घमेल्यात पडू लागलं...

श्रीरंगला फार बरं वाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी त्याच्या मनासारखं होत होतं.

तेल निथळलं. खालचा बोल्ट परत बसवून तो वरच्या बोल्टकडे वळला. नवं तेल भरायचं ते तिथून. पाना लावला. हलेना. सगळा जोर लावला, तसा पाना सटकला आणि बोटं सोलवटली. बोल्ट कसला, मोडेन पण वाकणार नाही!

अर्ध्या तासाने श्रीरंगने हात टेकले.

"भरायचा बोल्ट उघडत नाही, महाराज. आणि जुनं तर काढून बसलो. आता गाडी जागची हलायची नाही."

"हं."

"हा आधी सैल करून बघायला हवा होता."

"हो. तीस वर्षं गॅरेजात मी तसंच करत होतो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुला रिकामं करायची फार घाई होती, बाळ."



श्रीरंगच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून बघितला आणि काळ्या बोटानेच आवाज बंद करून बाजूला ठेवला.

"कोण?"

"केतकी. रोज करते. उचलला की रडते. मग माझंही अवसान गळतं. म्हणून हल्ली उचलतच नाही."

"हल्ली म्हणजे?"

"...दोन महिने."

 महाराज गुडघा सावरत खाली बसले, गाडीखाली हात घातला आणि अडलेल्या बोल्टच्या कडेने पातळ तेलाचे चार थेंब सोडले.

"आता पाना लावू नकोस. भिजू दे त्याला."

मग त्यांनी श्रीरंगचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि खांद्यावरच्या पंचाने त्याचं एकेक बोट पुसायला सुरुवात केली. सोललेल्या जागी हळूच. स्वच्छ धुतलेला पंचा काळा होत गेला. इतक्या मायेने त्याचा हात कितीतरी दिवसांत कुणी धरला नव्हता. श्रीरंग ओठ दाबून, मान खाली घालून बसून राहिला.

"मला... ठेवून घ्याल ना, महाराज?"

महाराजांनी पुसलेल्या तळहातावर फोन ठेवला.

"लाव तिला. रडली तर रडू दे. तुला रडू आलं, तर मी आहे इथे."