कडवेकरांच्या डोक्यातले करार

"पण मला दीक्षा नाही म्हणता, ते का?" कडवेकरांनी विचारलं.

बुवा शेंगा फोडत होते. फोडत राहिले.

कडवेकर कोल्हापूरच्या एका पंपांच्या कारखान्यात करारांचे प्रमुख. माल कुणी द्यायचा, कधी द्यायचा, उशीर झाला तर काय, सगळं त्यांच्या हातून ठरायचं. राजीनामा देऊन ते आजऱ्याजवळच्या आमच्या मठात आले होते. महिनाअखेरीला कामावरून सुटायचं आणि मग कायमचं इथंच राहायचं. घर मुलाच्या नावावर केलं होतं, गाडी देऊन टाकली होती, दाढी राखली होती. दाढी शोभत होती, खोटं कशाला बोलू.

"सगळं सोडलं, बुवा. अजून काय सोडू?"

बुवांनी सुपातली पुढची शेंग उचलली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या हाताखालच्या वैदेहीचा. तिचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. मुल्लाणींच्या फाउंड्रीतून सुटे भाग उशिरा आले होते. उशीर झाला तर करार रद्द, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं. मॅनेजर रद्द करायच्या पत्रावर सही करायला बसले होते. आणि म्हातारे मुल्लाणी दाराबाहेर बसून एकच धोशा लावून होते, की पावसाळ्यात आठवडाभर इकडंतिकडं चालेल असं कडवेकर साहेबांनी तोंडी कबूल केलंय. हा करार गेला तर त्यांची भट्टीच बंद पडणार होती.

"कबूल केलं होतं का, सर?"

"उद्या आल्यावर बघतो," म्हणून कडवेकरांनी फोन ठेवला. मग आमच्याकडे बघून हसले. असे पुष्कळ आहेत, म्हणाले. कुणाला काय शब्द दिलाय ते फायलीत नाही. त्यांनी कपाळावर बोट टेकवलं.

"इथं आहे. माझ्यावाचून त्यांचं अडतं."

बुवांनी सूप बाजूला सारलं. फोन उचलून कडवेकरांच्या हातात ठेवला.

"सांग तिला."

"मुल्लाणींचं?"

"सगळं."

"पण बुवा... मग ते कुणालाही कळेल."

बुवांनी फोनकडे बोट केलं.

कडवेकरांनी वैदेहीचा नंबर काढला. मग लावला. मुल्लाणींना सवलत दिली होती हे आधी सांगितलं. मग एकेक करून बाकीचे. कुणाचा करार कधी संपतो, कुणाला आधी कळवावं लागतं, कुठल्या अटीवर आपण डोळेझाक करतो आणि का. वैदेही पोरगी हुशार. हे कागदावर आणून दोन्हीकडच्या सह्या घेऊ का, असं ती दर वेळी विचारायची. हे म्हणायचे, घे. सुरुवातीला साहेबी आवाज होता. पुढं पुढं तो नुसताच आवाज राहिला.

पत्र फाडलं, मुल्लाणी घरी गेले, असं तिनं मध्येच सांगितलं. कडवेकरांनी पुढचं नाव सांगितलं.

ऊन अंगणातून निघून गेलं तेव्हा फोन संपला.

"एवढंच होतं," ते म्हणाले.

मला त्यांची कीव आली. माणूस एकदम रिकामा दिसत होता.

"आता तिथं मला कुणी विचारणार नाही, बुवा."

बुवा उठले. धोतरावरची टरफलं झटकली.

"इथं तरी कोण विचारणार आहे? चल, ताटं मांड."