देवाची आंघोळ

केवलनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी उंबरवेढे गावी, नदीच्या घाटावर होता. खाली पाणी, पायऱ्या चढून वर शंभूचं देऊळ. भाविकहो, तिथे घडलेली ही गोष्ट सांगताना आजही आवाज जड होतो.

लखबा कोळी वीस वर्षं देवळाला कावडीने नदीचं पाणी वाहत होता. खांद्याला घट्टे पडले होते. पूजेतले शब्द मात्र त्याला कुणी शिकवले नव्हते. अभिषेकाला तो आंघोळ म्हणायचा आणि नैवेद्याला जेवण. शिवरात्रीला भरल्या देवळात त्याने दारातून विचारलं, "शास्त्रीबुवा, देवाची आंघोळ झाली का?"

लोक हसले. त्र्यंबकशास्त्री विद्वान खरे, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. ते म्हणाले, "आंघोळ म्हशीला घालतात. वीस वर्षांत एक शब्द शिकला नाहीस. उद्यापासून तुझी कावड नको."

बिचाऱ्या लखबाने अंथरूण धरलं ते धरलंच. तापात बायकोला, भिवराला, एकच विचारायचा, "देवाची आंघोळ झाली असंल का गं?" ती "झाली" म्हणायची. त्याला ते पटायचं नाही. आठव्या दिवशी तो गेला.

दहाव्याला पुतण्याने घाटावर पिंड ठेवले. मंत्र सांगायला शास्त्रीबुवाच होते. कावळे पिंपळावर बसून राहिले, एकही खाली येईना. भिवराने पदर पसरला. "धनी, शेरडं इकणार न्हाई. नणंदंला सणाला आणीन. शिवा की आता."

ऊन डोक्यावर आलं. शास्त्रीबुवा पुतण्यावर वैतागले. "संकल्प म्हणता येत नाही, तिलोदक म्हणता येत नाही, मग कावळा शिवेल कसा? करा दर्भाचा कावळा आणि मोकळे व्हा."

"नगा," भिवरा म्हणाली. "त्यास्नी उपाशी नगा धाडू." आणि ती हमसून हमसून रडू लागली.

महाराज तिच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "माये, जाताना तो काय म्हणत होता?" तिने सांगितलं. महाराजांचेही डोळे भरून आले. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, याचं उत्तर हिला ठाऊक नाही. तुम्हाला आहे. तुम्हीच सांगा त्याला."

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. कावड बंद झाल्यापासून घाट चढून पाणी आणणार कोण? मंत्र सगळे म्हणायचे आणि अभिषेक पळीभर पाण्यावर उरकायचा, असंच चाललं होतं. गेलेल्या माणसासमोर खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

"नाही झाली," ते पुटपुटले.

मग त्यांनी नदीत बुडी मारली. ओलेत्यानेच दोन घागरी भरल्या आणि तापलेल्या पायऱ्या चढू लागले. अशा तीन खेपा केल्या. शेवटी धापा टाकत खाली आले आणि पिंडापुढे हात जोडून उभे राहिले.

"लखबा, देवाची आंघोळ झाली रे. मी स्वतः घातली."

काय सांगावं! शब्द संपतो न संपतो तोच पिंपळावरून एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

शास्त्रीबुवांनी महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "माझे नकोत, तिचे धरा." तसे ते भिवराच्या पायांवर वाकले. म्हातारीने पाय मागे घेतले आणि डोळे पुसले.

"बुवा," ती हळूच म्हणाली, "धनी हुते तवा यिऊन येवढं सांगितलं असतं, तर जगले असते वो."