आंघोळ केलेलं अंडं

अंडी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. तानूबाईंच्या परसातली दोन अंडी कोंड्याच्या टोपलीत ठेवलेली होती. खुडूक कोंबडीखाली कधी नेतात, याची दोघं वाट बघत होती. एकाच्या अंगावर मातीचे डाग होते. दुसरं गार पाण्यात घासून चकचकीत केलेलं होतं.

"अरे मळक्या, असल्या अवतारात तुला कोण उबवणार?" धुतलेलं हसायचं. मळकं खजील होऊन कोंड्यात तोंड लपवायचं.

चौथ्या दिवशी धुतलेलं हळूच म्हणालं, "सुकटीचा वास येतोय का रे?"

"येतो की, टोपलीशेजारच्या मडक्यातून."

"मला आतून येतोय. घासताना अंगावरचं पातळ आवरण निघून गेलं. तेव्हापासून सगळं आत शिरतंय. मी सडतोय, मळक्या."

"तानूबाईंना सांगू?"

"नको रे! फेकून देतील मला."

दुसऱ्याच दिवशी तानूबाईंनी दोघांनाही कोंबडीखाली एकमेकांना खेटून ठेवलं. ऊब लागली तसं मळक्याच्या पोटात इवलंसं काहीतरी धडधडू लागलं. शेजारचं कवच मात्र आतून ताणलं जात होतं. सडकं अंडं उबेत फुटलं की शेजाऱ्यालाही नासवतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"कसला आवाज रे हा?" धुतलेल्याने विचारलं.

"माझ्या पोटातला."

धुतलेलं बराच वेळ ऐकत राहिलं. मग सगळं बळ एकवटून ओरडलं, "तानूबाई, मला बाहेर काढा!"