नभोवाणीचं ठेंगणं दार

त्या समोरच्या सागवानी दारापाशी ताटकळू नका. ते कुलूपबंद आहे आणि कुलूपबंदच राहणार. नभोवाणीच्या या जुन्या स्टुडिओत यायचं ते मागून, नळाशेजारच्या या ठेंगण्या दारातून. जपून या, डोकं सांभाळा! सतरा वर्षं मी इथे राखण करतोय. सांगूनही निम्मे लोक आपटतातच.

संस्थानचा काळ. तानीबाई वडगावकर इथे गायला यायच्या. त्यांचं गाणं लागलं की चावडीवरच्या रेडिओभोवती माणसं जेवण टाकून बसायची, असं सांगतात. पण बाई तमासगिरांच्या घरातल्या. म्हणून इथल्या केंद्राच्या साहेबांचा हुकूम, गायचं माइकपुढे, पण यायचं मागून. गळा चालतो आणि पाय चालत नाहीत! मला अजून संताप येतो. अकरा वर्षं बाई मुकाट्याने वाकून आल्या.

मग पहिल्यांदाच श्रोत्यांसमोर गाणं ठरलं. तीनशे माणसं समोरच्या दाराने येऊन ऐटीत बसली. लेकीला लोकांपुढे गाताना ऐकायचं म्हणून बाईंची म्हातारी आई आली होती. तिला दिसायचं कमी. आईला तरी पुढून येऊ द्या, म्हणून बाईंनी हात जोडले. साहेब म्हणाले, "एकीला सोडलं की सगळ्या येतील." म्हातारी मागून आली आणि याच चौकटीवर तिचं कपाळ फुटलं.

लाल दिवा लागला. कार्यक्रम थेट गावोगावी ऐकू जात होता. बाई माइकपुढे आल्या, पण गायल्या नाहीत.

"माझ्या आयेचं कपाळ फुटलंय तुमच्या दारात. ती ज्या दारानं आली, त्या दारानं जो यील, त्याच्याच म्होरं मी गाईन. न्हाईतर ह्यो गळा आजपास्नं बंद."

साहेब लालबुंद झाले, पण दिवा लागलेला, ओरडायची सोय नव्हती. पहिल्या रांगेतल्या एक मास्तरीणबाई उठल्या. मग रांगच्या रांग उठली, बाहेर गेली, वळसा घालून एकेक जण वाकून आत आला. म्हणे वीस मिनिटं रेडिओवर नुसती पावलं वाजत होती, आणि चावडीवरचं एकही माणूस जागचं हललं नाही. साहेब तेवढे बसून राहिले. बाई थांबून राहिल्या. शेवटी तेही उठले, वाकून आले, आणि मग बाई गायल्या. जाताना लोकांनी समोरच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली विहिरीत टाकली म्हणे.

आजही मंत्री येवो नाहीतर मोठा गवई, इथून वाकूनच येतो. आता नवे अधिकारी म्हणतात, पाहुण्यांना त्रास होतो, चौकट उंच करू. करून तर बघा म्हणावं!

काय, लागलं? लागू दे थोडं. म्हातारीला कुणी 'जपून या' म्हटलं नव्हतं.